स्वमग्न मूल मोठे होते तेव्हा

स्वमग्नतेविषयी आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले जाते, ते बहुतांशी लहान मुलांविषयी असते. दोन-अडीच वर्षांचे मूल हाक मारली असता वळून पाहत नाही, आलेले शब्द नाहीसे होतात, येथून विषयाला प्रारंभ होतो आणि शाळाप्रवेशापाशी तो संपतो. जणू हे मूल पुढे वाढतच नाही! प्रत्यक्षात तेच मूल चौदा वर्षांचे होते, त्याला मिसरूड फुटते, ते आईच्या डोक्याच्या वर जाते. पुढे पंचविशीचे, चाळिशीचे होते. स्वमग्नता हा वयाबरोबर ओसरणारा आजार नव्हे. मेंदूच्या घडणीतील ती एक भिन्नता असून आयुष्यभर सोबत राहते. अठरा वर्षे पूर्ण झाली की शाळेचा आधार सुटतो आणि उतारवयाला लागलेल्या आईबापांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : आमच्या पश्चात याचे कोण?

मित्रहो, या प्रश्नाला एका गावाने दिलेले उत्तर पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहान गाव आहे. तेथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिप्लेट याचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षीच तो माणसांपेक्षा अंकांत व फिरणाऱ्या वस्तूंत रमू लागला. वैद्यकीय सल्ल्यानुसार त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. तेथे तो निश्चल बसून राहू लागला. वर्षभराने आईवडिलांनी त्याला घरी आणले. वडिलांनी ३३ पानांचे टंकलिखित टिपण तयार केले आणि १९३८ मध्ये बाल्टिमोर येथील लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांना मुलगा दाखविला. पुढे १९४३ साली कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात पहिली नोंद डोनाल्डची आहे. स्वमग्नतेच्या निदानाचा इतिहास बव्हंशी या निबंधापासून मोजला जातो.

परंतु त्याच्या जीवनाला वळण लागले ते रुग्णालयात नव्हे, शेतात. १९४२ साली आईवडिलांनी त्याला घरापासून दहा मैलांवर एका कुळाच्या शेतावर, तेथील शेतकरी दांपत्याकडे राहावयास पाठविले. १९४५ च्या मे महिन्यात कॅनर तेथे गेले आणि त्या दांपत्याचे शहाणपण पाहून थक्क झाले. मुलाला मोजमापाचा नाद होता; शेतकऱ्याने त्याला विहीर खणावयास लावले आणि खोली किती झाली ते येऊन सांगण्याचे काम दिले. तो मेलेले पक्षी व किडे गोळा करीत असे. त्यांच्यासाठी शेतातील एक जागा दफनभूमी म्हणून नेमून दिली. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजी. तेव्हा नांगरता नांगरता त्या मोजावयास सांगितले. पाहुण्यांदेखत त्याने सहा लांब ओळी नांगरल्या, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला घोडा सफाईने वळविला.

त्या दांपत्याने मुलाचा नाद मोडून काढण्याचा खटाटोप केला नाही, की त्याची थट्टाही केली नाही. तो नाद कोणत्या कामाला जुंपता येईल एवढेच पाहिले. जवळच्या खेड्यातील शाळेनेही त्याच्या विक्षिप्त सवयींसह त्याला सामावून घेतले.

पुढे माध्यमिक शाळेत असताना इमारतीच्या दर्शनी भिंतीतील विटांची संख्या त्याने एका दृष्टिक्षेपात सांगितली, अशी आख्यायिका गावात पसरली. पुष्कळ वर्षांनी विचारता, तो आकडा आपण मनानेच ठोकून दिला होता, लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे म्हणून, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. स्वमग्न व्यक्तीला इतरांच्या मताची पर्वा नसते असे मानणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. ‘स्वमग्न’ हा मराठी शब्द सोयीचा असला, तरी स्वतःतच मग्न असा त्याचा जो अर्थ कानाला लागतो, तो काहीसा फसवा आहे.

१९५८ साली डोनाल्ड पदवीधर झाले. गावातील बँकेत त्यांनी अनेक दशके काम केले. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते मोटार चालविण्यास शिकले. गोल्फ खेळत, एकटे देशोदेशी प्रवास करीत. ओळखीच्या माणसांना ते क्रमांक देत आणि वर्षानुवर्षांनी भेट झाली तरी तो क्रमांक अचूक सांगत. गावातील लोक आपला क्रमांक कौतुकाने बाळगून असत. १९८५ साली आई निवर्तल्यावरही ते त्याच घरात एकटे राहिले, कारण कुटुंबाने आधीच एक विश्वस्त निधी स्थापून कोणी फसवून पैसे काढू शकणार नाही अशी व्यवस्था केली होती. २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हे कुटुंब सधन होते, बँकेत त्याचा हिस्सा होता, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. गरिबाच्या मुलाला अशी नोकरी चालून येत नाही. मात्र शेतावरच्या त्या दांपत्याचे शहाणपण आणि गावाचा जिव्हाळा यांना पैसा पडला नव्हता. उलट, कॅनर यांनी १९७१ मध्ये त्याच अकरा मुलांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांत टाकली गेलेली मुले होते तेही कौशल्य गमावून बसल्याचे त्यांना आढळले.

आपल्या खेड्यांतही विहिरी आहेत, शेते आहेत. रोपवाटिकेत पिशव्या भरणे, दूध संकलन केंद्रावर नोंदी ठेवणे, ग्रंथालयातील पुस्तके क्रमांकाप्रमाणे लावणे, संगणकावर माहिती भरणे, ही नेमक्या क्रमाने चालणारी कामे पुष्कळ स्वमग्न तरुण इतरांहून काटेकोरपणे करतात. काम देताना ‘जरा आवरून घे’ असे मोघम सांगून चालत नाही. पहिले काय, नंतर काय, संपले केव्हा समजावयाचे, हे चित्रांनी अथवा लिहून समोर असावे. वेळापत्रक बदलावयाचे असेल तर आदल्या दिवशी सांगावे. काहींना मात्र जन्मभर आंघोळी-जेवणासाठीही मदत लागते. त्यांच्या बाबतीत दिवसाला ठरलेला क्रम आणि घरच्यांना अधूनमधून विसावा मिळणे, हेच मोठे साहाय्य होय.

किशोरवयाची तयारी त्या वयाच्या आधीच करावी लागते. मासिक पाळी, दाढी, कोणते कपडे कोठे बदलावयाचे, कोणी अंगाला हात लावला तर नकार कसा द्यावयाचा, हे बारा वर्षांच्या आत चित्रांच्या साहाय्याने, स्पष्ट शब्दांत शिकविलेले बरे. शिक्षकांनी येथे संकोच बाळगू नये. या वयात काहींना अपस्माराचे झटके प्रथमच येतात. एखादा शांत मुलगा अचानक मारू लागला, तर त्याला उद्धट ठरविण्यापूर्वी त्याचा दात दुखतो आहे काय, पोटात कळ येते आहे काय, वरातीच्या कर्ण्यांनी त्याचे कान फाटत आहेत काय, हे पाहावे. ज्याला बोलता येत नाही, त्याला समजतही नाही असे गृहीत धरून त्याच्यादेखत त्याच्याविषयी वाटेल ते बोलले जाते. चाळिशीच्या गृहस्थालाही सारा गाव अरे-तुरे करतो. आणि ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला तर दोन घरांचे वाटोळे करणारा आहे.

आता कायद्याविषयी. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिला प्रथम स्थान दिले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत ती समाविष्ट झाली. अठरा वर्षांनंतर आईवडील हे आपोआप पालक राहत नाहीत, ही गोष्ट अनेक कुटुंबांना बँकेच्या खिडकीवर प्रथम कळते. पालकत्वाची गरज असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावयाचा असतो. समितीवर नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्तीही असते. नियुक्त पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. सख्ख्या भावांतही जमिनीवरून जे घडते ते पाहता, हा हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. अर्थात प्रत्येक स्वमग्न प्रौढाला पालक हवाच असे नाही. २०१६ चा कायदा संबंधित व्यक्तीशी विचारविनिमय करून घेतल्या जाणाऱ्या मर्यादित पालकत्वावर भर देतो, आणि समितीनेही प्रथम त्या व्यक्तीलाच काय वाटते ते विचारावे.

राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते व त्यासाठी पूर्व वैद्यकीय तपासणी लागत नाही. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ही रक्कम वर्षअखेरीस घाईघाईने वस्तू वाटून संपविण्यापेक्षा, गावातील अशा तरुणाच्या कामाची अवजारे किंवा दिवसभराच्या केंद्राची सोय यांसाठी वापरता येईल काय, हे सदस्यांनी कुटुंबाला विचारूनच ठरवावे. त्यासाठी अशी कुटुंबे कोणती हे आधी ठाऊक हवे, कारण वयात आलेला मुलगा किंवा मुलगी घरात दडवून ठेवण्याकडेच बहुतेकांचा कल असतो.

या बहुतेक सोयींचे दार दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राने उघडते, आणि तेथेच पुष्कळजण माघारी फिरतात. एसटीचा प्रवास, रुग्णालयातील गर्दी, नावांचा पुकारा, दिव्यांचा लखलखाट. एवढ्यावर विशीतला तरुण कान झाकून ओरडू लागतो, लोक जमतात आणि आई त्याला घेऊन परतते. तालुक्याहून येणाऱ्या अशा व्यक्तीस दिवसातली पहिली वेळ आणि बाजूची एक शांत खोली देण्यासाठी स्वतंत्र शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. रुग्णालयास आदल्या दिवशी दूरध्वनी करण्याचे काम ग्रामपंचायतीने किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांनी करावे.