क्षारपड जमीन आणि मुळांचे सोबती



पिकाला पाणी मिळाले की ते वाढते, असा आपला साधा समज असतो. क्षारपड जमिनीत मात्र मुळाशी ओल असूनही रोप तहानलेले राहते. मातीतील पाण्यात लवणांचे प्रमाण वाढले म्हणजे ते पाणी शोषून घेणे मुळांना कठीण जाते. शिवाय आत शिरणारे सोडियम पेशींच्या व्यवहारात अडथळा आणते. भारतात अशी लवणबाधित जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर आहे. उत्तर प्रदेशातील शेतकरी तिला ऊसर म्हणतो, पंजाबातील कल्लर. कालव्याचे पाणी आले, पण निचऱ्याची सोय झाली नाही, अशा ठिकाणी भूजल वर चढते, पाणी वाफ होऊन उडून जाते आणि लवणे मागे उरतात.

या जमिनी सुधारण्याचे उपाय आपल्याला ठाऊक आहेत. १९६९ साली स्थापन झालेल्या, कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. चोपण जमिनीत जिप्सम घालावे, म्हणजे त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेते. खारवट जमिनीत चर खणावेत किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालाव्यात आणि गोड्या पाण्याने लवणे धुऊन काढावीत. हे उपाय खात्रीचे आहेत. परंतु त्यांना पैसा लागतो, वेळ लागतो आणि निचऱ्यासाठी शेजाऱ्यांचे सहकार्यही लागते. दरम्यान शेतकऱ्याला पीक तर घ्यावेच लागते.

येथे मातीतील जिवाणूंचा विचार उपस्थित होतो. लवणांच्या ताणाखाली सापडलेले रोप एथिलीन नावाचा वायू अधिक प्रमाणात निर्माण करते. थोड्या प्रमाणात तो रोपाला उपयुक्त असतो; वाजवीपेक्षा वाढला की मुळांची वाढ खुंटते आणि पाने अकाली पिकू लागतात. म्हणजे काही हानी लवणांमुळे होते, तर काही रोपाच्या स्वतःच्या प्रतिक्रियेमुळे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे बर्नार्ड ग्लिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली याविषयी एक उपपत्ती मांडली. एथिलीन ज्या द्रव्यापासून तयार होते, त्याचा काही अंश मुळांतून बाहेर झिरपतो. मुळांभोवतीचे काही जिवाणू विशिष्ट एंझाइमच्या साहाय्याने त्याचे विघटन करतात आणि त्यातील नायट्रोजन अन्न म्हणून वापरतात. जिवाणूचे पोट भरते आणि रोपातील एथिलीन घटते.

२००४ साली इस्राएलमधील संशोधकांनी ग्लिक यांच्यासह हा विचार टोमॅटोच्या रोपांवर पडताळून पाहिला. दक्षिण इस्राएलच्या अरावा या शुष्क प्रदेशातील एका रानटी झुडपाच्या मुळांजवळ मिळालेला जिवाणू त्यांनी वापरला. लिटरमागे सुमारे १० ग्रॅमपर्यंत मीठ असलेल्या पाण्यावरही जिवाणूयुक्त रोपे इतरांपेक्षा चांगली वाढली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या रोपांतील सोडियम कमी झाले नव्हते. एथिलीन मात्र घटले होते.

आपल्या देशातही कर्नालच्या संस्थेच्या लखनौ येथील केंद्राने लवण सहन करणाऱ्या जिवाणूंपासून जैविक खते तयार केली आहेत. असे जिवाणू स्थानिक लवणयुक्त मातीतूनच शोधणे श्रेयस्कर. कारण ज्याला स्वतःला त्या मातीत तग धरता येत नाही, तो पिकाला काय आधार देणार?

तथापि एक इशारा दिला पाहिजे. जिवाणू जमिनीतील मीठ बाहेर काढीत नाहीत. प्रयोगशाळेतील यश शेतात जसेच्या तसे उतरेलच असे नाही, कारण तेथे त्यांना आधीपासून वसलेल्या असंख्य सूक्ष्मजीवांशी स्पर्धा करावी लागते. पाकीट कडक उन्हात पडून राहिले, तर त्यातील जीव मरतात आणि शेतकऱ्याच्या हाती केवळ भुकटी उरते. त्या पाकिटाच्या भरवशावर जिप्सम आणि निचरा यांकडे पाठ फिरविणे म्हणजे जमीन कायमची गमावण्याची तयारी करणे होय.

म्हणून क्रम ध्यानात ठेवावा : प्रथम निचरा, चोपण जमीन असल्यास जिप्सम, त्यानंतर लवण सोसणारा वाण, आणि त्याच्या बियाण्याला जिवाणूंची सोबत. जमीन सुधारण्यास काही वर्षे लागतात. त्या वर्षांत शेतकऱ्याच्या पदरी चार दाणे अधिक पडावेत, एवढे साहाय्य या अदृश्य सोबत्यांकडून मिळू शकते. आणि ते मुळीच थोडे नव्हे.