वर्षभराचे कोल्हापूर : उत्सव आणि त्यांच्या वाटा



कोल्हापुरात पाहुणा उतरला म्हणजे त्याचे प्रश्न ठरलेले असतात. अंबाबाईच्या दर्शनास गर्दी किती, रंकाळा किती दूर, चप्पल कोठे घ्यावी आणि गूळ कोणता चांगला! दोन दिवसांत या साऱ्यांची उत्तरे मिळून तो संतुष्ट मनाने परत जातो. परंतु ही नगरी दोन दिवसांत पाहून संपणारी नव्हे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत येथे उत्सवांची जी मालिका चालते, ती पाहावयास एक संपूर्ण वर्ष लागते. या मालिकेतील बहुतेक उत्सवांना तिकीट नाही, निमंत्रणपत्रिका नाही, राखीव आसन नाही. मात्र प्रत्येक उत्सवास एक वाट लागते आणि ती वाट कोणीतरी मोकळी ठेवावी लागते. आजच्या विवेचनाचा रोख त्या वाटेकडे आहे.

प्रारंभ चैत्राचा. पाडव्यास घरोघरी काठीवर रेशमी खण वा साडी चढते आणि कापडपेठेचे वर्ष सुरू होते. त्यानंतर पंधरवड्याने चैत्री पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. शहरापासून हा डोंगर सुमारे सतरा-अठरा किलोमीटरवर असला, तरी त्या आठवड्यात शहर आणि डोंगर यांत अंतर उरत नाही. गावोगावच्या सासनकाठ्या, म्हणजे रंगीत वस्त्रांनी मढविलेल्या उंचच उंच वेळूच्या काठ्या, दोऱ्यांनी तोल सावरीत, ढोल-ताशांच्या तालावर नाचत येतात. गुलाल आणि खोबऱ्याची उधळण होते व सारा डोंगर गुलाबी होऊन जातो. पंचगंगेच्या घाटावर यात्रेकरूंचे तळ पडतात आणि वाटेवर सेवाभावी मंडळींची अन्नछत्रे रात्रंदिवस चालतात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात अंबाबाईचा रथोत्सव होतो. जोतिबाहून परतलेला यात्रेकरू अंगावरील गुलालासह या रथापुढे उभा राहतो. रथाच्या मार्गावर रांगोळ्या घातल्या जातात आणि ज्या रस्त्यावर एरवी दुचाकीस जागा मिळत नाही, तो रस्ता काही तासांपुरता मोकळा होतो. होतो याचा अर्थ केला जातो. टपरी मागे घेणारा, दुकानाची पायरी आवरणारा, वाहन दूर नेऊन लावणारा असा प्रत्येकजण त्या रथाचा एकेक हात दोर ओढीत असतो. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी महामारीमुळे चैत्र यात्रा भरली नाही, तेव्हा या परिसरातील शेतकऱ्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सर्वांस वर्षाचा आरंभच चुकल्यासारखे वाटले होते.

मे महिन्यात एरवी मोठा उत्सव नाही. परंतु २०२२ सालच्या ६ मे या दिवसाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. राजर्षी शाहू छत्रपतींच्या निधनास त्या दिवशी १०० वर्षे पूर्ण झाली आणि सकाळी १० वाजता अवघे कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभे राहिले. वाहने थांबली, दुकानांतील मापे व कात्र्या थांबल्या. मंडप नाही, ध्वनिक्षेपक नाही, देणगीची पावती नाही. या शहराने इतक्या अल्प खर्चात एवढा मोठा समारंभ क्वचितच केला असेल. महाराजांची जयंती २६ जून रोजी असते व महाराष्ट्रात ती सामाजिक न्याय दिन म्हणून पाळली जाते.

मृग बरसून पंचगंगेस नवे पाणी आले, की आषाढात त्र्यंबोलीची यात्रा सुरू होते. मंगळवारी व शुक्रवारी गल्लोगल्लीच्या स्त्रिया आणि मुली सजविलेले कलश घेऊन, ‘पी ढबाक’ वाद्याच्या ठेक्यावर, नदीचे नवे पाणी टेंबलाईच्या टेकडीवर नेतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांच्या संगमाने झालेल्या नदीचे शहराने केलेले हे वार्षिक स्वागतच होय. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत याच नदीने निम्मे घरदार गिळल्याचा अनुभव शहरातील अनेक वसाहतींनी घेतला. तरीही पुढील आषाढात कलश घेऊन निघणाऱ्यांत त्या वसाहतींतील स्त्रियाही होत्या. नदीशी भांडण धरून कोणी राहिले नाही. मात्र नदीची पूररेषा ही देखील एक वाटच आहे आणि तिच्यात भराव टाकून कलश वाहणे कितपत सुसंगत, याचा विचार अद्याप व्हावयाचा आहे.

भाद्रपद हा कोल्हापुरातील सर्वांत गजबजलेला महिना. गणेशचतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत तालमी व तरुण मंडळे यांचे राज्य असते. येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. श्वेतांबर मूर्तिपूजक बांधवांची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीस येते आणि दिगंबर परंपरेतील दशलक्षण पर्व पंचमीस आरंभून अनंत चतुर्दशीस समाप्त होते. म्हणजे एका गल्लीत आरास पाहण्यास झुंबड उडालेली असते आणि शेजारच्या गल्लीत उपवास, स्वाध्याय व क्षमापना चाललेली असते. पंचांगाने हे दोन्ही उत्सव एकाच पानावर छापले आहेत व शहराने ते एकाच रस्त्यावर वागविले आहेत. याच पानावर कधी कधी तिसराही सोबती येतो. हिजरी कालगणनेत अधिक मास नसल्याने मोहरम दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांनी तो पुन्हा भाद्रपदास येऊन मिळतो. २०१८, २०१९ व २०२० अशी सलग तीन वर्षे हा योग आला. शहरातील काही तालमींत तेव्हा गणपती आणि पंजे एकाच छताखाली बसले होते. बाहेरगावच्या माणसास याचे नवल वाटते. तालमीतील म्हाताऱ्यांस वाटत नाही, कारण मागील योग त्यांनी १९८६ च्या सुमारास पाहिलेला असतो.

या महिन्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विसर्जन मिरवणुकीतील ध्वनियंत्रणेस कोल्हापूरकर सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. तिच्या भिंतीपुढे उभे राहिल्यास छातीची फासळी हादरते, दुकानांच्या काचा थरथरतात आणि वृद्ध मंडळी तीन दिवस आधीच मुक्काम हलवितात. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद असावा असा दंडक २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे. वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे, तोही मर्यादेच्या अधीन. अलीकडच्या वर्षांत याच्या जोडीला लेसर प्रकाशझोत आले आणि त्यांनी डोळ्यांस इजा झाल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. हे सर्व ज्या वर्गणीतून व जाहिरातींतून उभे राहते, ती बहुतांशी बाजारपेठेची असते. पावती फाडताना रक्कम विचारण्याची चाल आहे. ती कशावर खर्च होणार, हे विचारण्याची चाल पडली तर बरे. उलट चांगले उदाहरणही याच शहराचे आहे. पंचगंगेचे प्रदूषण टाळण्यासाठी मोठ्या प्रमाणात मूर्ती आता रंकाळ्याजवळील इराणी खणीत विसर्जित होतात. आरंभी यास विरोध झाला, धार्मिक भावनेचा प्रश्न निघाला. पुढे लोकांनी ते अंगवळणी पाडून घेतले. आणि २०१९ च्या महापुरानंतर अवघ्या काही आठवड्यांत आलेल्या गणेशोत्सवात अनेक मंडळांनी खर्च आवरून पूरग्रस्तांस हात दिला, हेही विसरता येत नाही.

अश्विनात नवरात्र बसते. अंबाबाईची रोज निराळ्या रूपात अलंकारपूजा बांधली जाते. तिरुपती देवस्थानाकडून मानाचा शालू येतो. वस्त्रव्यवसायातील जाणकार त्या शालूचा पोत आणि काठ कसा आहे याची आठवडाभर चर्चा करतात, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही. परंतु नवरात्रातील मर्म ललिता पंचमीस आहे. कथा अशी सांगतात की, दैत्यसंहारात साहाय्य करणाऱ्या त्र्यंबोलीस विजयोत्सवाचे निमंत्रण देण्याचे राहून गेले. ती रुसली आणि शहराकडे पाठ करून पूर्वेच्या टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत घालण्यास अंबाबाई स्वतः गेली. आजही पंचमीस देवीची पालखी वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जाते व तेथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडण्याचा विधी होतो. निमंत्रण द्यावयाचे राहून गेलेल्या व्यक्तीच्या दारी यजमानाने दरवर्षी जावे, असा उत्सव अन्य कोठे फारसा आढळत नाही.

दसऱ्यास सायंकाळी दसरा चौकात शाही सोहळा होतो. अंबाबाई, भवानी व गुरुमहाराज यांच्या पालख्या येतात. छत्रपती घराण्यातील मंडळी जुन्या मेबॅक मोटारीतून येतात, शमीपूजन होते आणि सोने लुटले जाते. या चौकात उभे राहून सभोवार पाहावे. शाहू महाराजांच्या काळात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे निघाली, त्यांपैकी काही याच चौकाभोवती आहेत. दिगंबर जैन बोर्डिंग १९०१ सालचे, मुस्लिम बोर्डिंग १९०६ सालचे. सोने लुटण्याचा मुहूर्त काही क्षणांचा असतो. त्या बोर्डिंगांतून जे सोने वाटले गेले, ते शंभराहून अधिक वर्षे पुरले आहे.

दिवाळीचे वर्णन नव्याने करावयास नको. पाडवा-भाऊबीजेस गवळी बांधव शिंगे रंगवून, मोरपिसे बांधून म्हशींची मिरवणूक काढतात, ती मात्र मुलाबाळांसह अवश्य पाहावी. आणि त्रिपुरी पौर्णिमेस पहाटे पंचगंगेचा घाट हजारो पणत्यांनी उजळतो, त्या वेळी घड्याळाचा गजर लावून उठण्याचे कष्ट घ्यावेत.

आता ज्या उत्सवाचा विशेष विचार करावयाचा, त्याकडे वळू. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. दरवर्षी ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येतात, पितळी उंबरा व चांदीचा उंबरा ओलांडून गर्भगृहात पोहोचतात. परंपरेनुसार पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांस, दुसऱ्या दिवशी मध्यभागास व तिसऱ्या दिवशी मुखास स्पर्श करतात. यालाच किरणोत्सव म्हणतात. शहरातील इतर उत्सव तिथीवर चालतात. हा मात्र इंग्रजी तारखेवर चालतो, कारण तो सूर्याचा आहे. वर्षातील सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमारास येतो. त्याच्या मागे सुमारे ४१ दिवस आणि पुढे सुमारे ४१ दिवस मोजले, म्हणजे याच दोन तारखांची जोडी मिळते. त्या दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर एकाच बिंदूपाशी मावळतो. ज्या शिल्पज्ञांनी महाद्वाराची रुंदी आणि देवीच्या मूर्तीची उंची यांचा मेळ घातला, त्यांची वही आज उपलब्ध नाही. मात्र त्यांचा हिशेब शतकांनंतरही जुळतो.

या हिशेबात एक नोंद कोल्हापूरकरांच्या नावे आहे. किरणे मंदिरापर्यंत येतात ती पश्चिमेकडील वस्तीवरून. नोव्हेंबरात पावणेसहाच्या आणि फेब्रुवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य इतका खाली असतो की, एखाद्या इमारतीचा वाढीव मजला, गच्चीवरील पाण्याची टाकी, रस्त्यावर आडवा बांधलेला फलक, एवढ्यानेही किरणे अडतात. ढग, धुके व हवेतील धूळ यांवर कोणाचा इलाज नाही. पण टाकीवर आहे. अभ्यासकांनी या मार्गाची मोजणी करून अडथळे दाखवून दिले, महापालिकेने काही दूर केले आणि तरीही काही वर्षी किरणे चरणांपर्यंत येऊन थांबली. २०२० मध्ये मंदिरे भाविकांसाठी १६ नोव्हेंबर रोजी उघडली. म्हणजे त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील किरणोत्सवास गर्दी नव्हती. सूर्य मात्र ठरल्या वेळी त्या वाटेवर हजर झाला होता.

महाद्वार रस्ता ही व्यापाऱ्यांची पेठ आहे. तेथे हातभर पुढे काढलेल्या फलकाची किंमत प्रत्येक दुकानदार जाणतो व ती कमी लेखण्याचे कारण नाही. शेजाऱ्याचा फलक पुढे आला की आपला मागे ठेवणे म्हणजे गिऱ्हाईक गमावणे, हा व्यवहार खराच आहे. म्हणूनच हे काम एकट्या दुकानदाराने करावयाचे नाही. ते सर्वांनी एकाच वेळी करावयाचे आहे. व्यापारी संघ, देवस्थान आणि महापालिका यांनी दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस व जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एकत्र येऊन किरणमार्गाची पाहणी करावी. आडवे फलक, ताडपत्र्या व झेंड्यांच्या माळा त्या सहा दिवसांपुरत्या उतरवाव्यात. नव्या बांधकामास परवानगी देताना किरणमार्गाची उंची नकाशावर लिहून द्यावी. सायंकाळी दिव्यांच्या पाट्या थोड्या उशिरा लावाव्यात. सूर्य मावळेपर्यंत यास फार तर अर्धा तास लागेल आणि त्यानंतर दुकाने पूर्ववत उजळण्यास कोणाचीच हरकत असणार नाही.