मोटारी धुणारा पियानोवादक

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत एका अमेरिकन पियानोवादकाचे नाव पाहून आपल्यातील एका तरुण कार्यकर्त्याने काल मला विचारले, ‘सर, शेतमालाचे भाव आणि असंघटित कामगार सोडून हे मध्येच काय?’ प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की, भाडे आणि मजुरी हे दोन विषय मी आयुष्यभर शिकवीत आलो आणि आजही त्यांवरच बोलणार आहे. फरक इतकाच की, या खेपेस भाडे शिकागो शहरातील आहे आणि मजुरी मीड लक्स लुईस नावाच्या कलावंताची आहे.

लुईस ‘बूगी वूगी’ वाजवीत असे. हे नाव आपल्याकडे १९९६ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धेमुळे घरोघरी पोहोचले. परंतु मुळात ती अमेरिकेतील कृष्णवर्णीय श्रमिकांची पियानोवादनाची एक रीत आहे. टेक्सास आणि लुइझियाना भागातील जंगलांत लाकूडतोडीच्या छावण्या असत. तेथील मजुरांसाठी उभारलेल्या गुत्त्यात एखादा जुनापुराणा पियानो ठेवलेला असे आणि रेल्वेने या छावणीतून त्या छावणीत हिंडणारे वादक तो वाजवीत. ढोल नाही, साथीदार नाहीत, समोर दिवसभर घाम गाळून आलेली नाचू पाहणारी माणसे! तेव्हा संपूर्ण वाद्यवृंदाचे काम एकट्याच्या दहा बोटांवर येऊन पडे. डावा हात चार मात्रांच्या प्रत्येक खंडात आठ स्वरांचा एकच ठेका अखंड चालू ठेवतो. बारा खंडांचे आवर्तन पुनःपुन्हा येते. आणि उजवा हात त्या ठेक्याला छेद देत, कधी त्याच्याशी भांडत, आपले स्वतंत्र बोलणे करतो. डावा हात कामावरचा आणि उजवा सुटीवरचा, असे मी माझ्यापुरते समजून घेतले आहे. संगीतज्ञांनी क्षमा करावी.

हे संगीत उत्तरेकडे शिकागोत कसे आले? ज्या वाटेने माणसे आली त्याच वाटेने. १९१० साली शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते. १९३० साली ही संख्या सुमारे २ लाख ३४ हजार झाली. दक्षिणेतील जमीनदारीला आणि झुंडबळींना कंटाळून माणसे कत्तलखान्यांच्या आणि पोलादाच्या या शहरात येत होती. परंतु गोऱ्या घरमालकांनी आपसात लेखी करार केले होते की, अमुक वस्तीतील घर कृष्णवर्णीयास विकावयाचे नाही व भाड्यानेही द्यावयाचे नाही. १९२७ पासून शहरातील मालमत्ता व्यावसायिकांच्या मंडळाने अशा करारांचा पद्धतशीर प्रसार केला. न्यायालयांमार्फत त्यांची अंमलबजावणी करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९४८ साली. म्हणजे वीस वर्षांत मागणी पाचपट झाली आणि पुरवठ्याभोवती कुंपण घातलेले! अशा स्थितीत भाड्याचे काय होते, हे सांगावयास अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची गरज नाही.

या भाड्यातूनच एक प्रथा रूढ झाली. महिनाअखेरीस भाड्याची तोंडमिळवणी होईना, की भाडेकरू आपल्या खोल्यांतील सामान बाजूला सारून शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाचावयास बोलावी. दाराशी किरकोळ प्रवेशमूल्य, आत जेवण आणि चोरटी दारू (तो दारूबंदीचा काळ होता), आणि कोपऱ्यात पियानोवादक. जमलेल्या पैशांतून सकाळी घरमालकाचे देणे फिटे. वादकाला मिळे जेवण, दारू आणि थोडी चिल्लर. शेजाऱ्याचे घर टिकावे म्हणून शेजाऱ्यांनी रात्रभर नाचावयाचे, अशी ही विलक्षण सहकारी पतव्यवस्था होती. अर्थात शेवटी तिचा सारा नफा घरमालकाच्याच खिशात गेला, हेही नोंदविले पाहिजे.

लुईसचे विद्यापीठ हे. तो १९०५ साली जन्मला. वडील रेल्वेच्या शयनयान डब्यात हमालीची नोकरी करीत आणि गिटार वाजवीत. मुलाने व्हायोलिन शिकावे, हा त्यांचा आग्रह; वडील वारल्यावर मुलाने ते सोडले आणि पियानो धरला. त्याला व त्याचा बालमित्र अल्बर्ट अ‍ॅमन्स याला गुरू असा कोणी नव्हता. अ‍ॅमन्सच्या घरी आपोआप वाजणारा यांत्रिक पियानो होता. ज्या पट्ट्या खाली जात त्यांवर पेन्सिलीने खुणा करून तो स्वरसंगती शिकला. टेक्सासमधून आलेल्या थॉमस बंधूंच्या रचना त्यांनी कानाने उचलल्या. पाइनटॉप स्मिथ नावाचा वादक तर काही काळ त्यांच्याच इमारतीत राहत होता. ‘बूगी वूगी’ हे नाव ज्या ध्वनिमुद्रिकेने रूढ केले, ती याच स्मिथने १९२८ च्या डिसेंबरात वाजविली आणि पुढच्या मार्चमध्ये एका नृत्यगृहात गोळी लागून तो मेला.

परंतु लुईसवर सर्वांत खोल ठसा उमटला तो जिमी यान्सीचा. यान्सी लहानपणी रंगभूमीवर नाचत-गात युरोपपर्यंत जाऊन आला आणि मग शिकागोच्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या मैदानाची देखभाल करण्याची नोकरी त्याने सुमारे पंचवीस वर्षे केली. दिवसा मैदान, रात्री घरोघरचे पियानो. त्याच्या शिष्यांची कीर्ती झाल्यावर, १९३९ मध्ये, त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्याचे वादन मंद, जवळजवळ संकोची आहे. लुईसने १९३६ साली एका रचनेला ‘यान्सी स्पेशल’ हे नाव देऊन आपले ऋण जाहीरपणे मान्य केले.

आता मजुरीकडे वळू. डिसेंबर १९२७ मध्ये लुईसने ‘हॉन्की टॉंक ट्रेन ब्लूज’ ही रचना पॅरामाउंट कंपनीसाठी वाजविली. ही कंपनी मुळात विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्यांच्या कारखान्याची शाखा; ग्रामोफोनची कपाटे खपावीत म्हणून तिने ध्वनिमुद्रिका काढावयास प्रारंभ केला. संगीत हे कपाटाबरोबरचे उपउत्पादन! लहानपणी घराजवळून धडधडत जाणाऱ्या आगगाड्यांतून ही रचना सुचल्याचे लुईस सांगत असे. ध्वनिमुद्रिका बाजारात आली १९२९ साली, म्हणजे महामंदीच्या तोंडावर. कंपनीने १९३२ मध्ये ध्वनिमुद्रण थांबविले. लुईस टॅक्सी चालवू लागला, पुढे मोटारी धुऊ लागला.

यानंतरची कथा पुष्कळदा सांगितली जाते. व्हँडरबिल्ट या धनाढ्य घराण्याचा दौहित्र आणि तरीही वर्णविद्वेषाचा कट्टर शत्रू असलेला जॉन हॅमंड याने ती ध्वनिमुद्रिका ऐकली आणि वादकाचा शोध मांडला. १९३५ साली त्याने अ‍ॅमन्सकडे चौकशी केली, तेव्हा लुईस जवळच मोटारी धुण्याच्या कामावर आहे, असे कळले. हॅमंडने त्याच्याकडून ती रचना पुन्हा वाजवून घेतली. या प्रसंगास सर्वत्र ‘लुईसचा शोध’ म्हणतात. माझा आक्षेप या शब्दाला आहे. लुईस हरवला कोठे होता? त्याच्या वस्तीला तो ठाऊक होता, मित्राला त्याचा पत्ता ठाऊक होता. हरवली होती ती बाजारपेठ.

तथापि हॅमंडचे आणि त्या काळच्या डाव्या चळवळीचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. कृष्णवर्णीय संगीताचा इतिहास कार्नेगी हॉलमध्ये मांडण्याची त्याची कल्पना होती, पण पुरस्कर्ता मिळेना. अखेर ‘न्यू मासेस’ या कम्युनिस्टांच्या निकटच्या साप्ताहिकाने भार उचलला आणि २३ डिसेंबर १९३८ रोजी लुईस, अ‍ॅमन्स आणि कॅन्सस सिटीचा पीट जॉन्सन हे तिघे न्यूयॉर्कच्या त्या प्रतिष्ठित मंचावर बसले. आपल्यासारख्याच एका साप्ताहिकाने हे केले, याचा मला आनंद वाटतो. त्याच सुमारास बार्नी जोसेफसन या चपलाबुटांच्या व्यवसायातून आलेल्या गृहस्थाने ‘कॅफे सोसायटी’ उघडली. हार्लेमच्या नामांकित क्लबांतही कृष्णवर्णीयांनी वाजवावयाचे आणि गोऱ्यांनी ऐकावयाचे, असा रिवाज असताना येथे दोघेही शेजारी बसत. तिघे पियानोवादक तेथे वाजवीत. बिली हॉलिडेने झुंडबळींवरचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणे १९३९ साली प्रथम तेथेच गायिले. १९४७ मध्ये जोसेफसनचा भाऊ अमेरिकाविरोधी कारवायांच्या समितीसमोर साक्ष देण्यास नकार देऊन तुरुंगात गेला, वृत्तपत्रे तुटून पडली आणि दशक संपण्यापूर्वी जोसेफसनला दोन्ही क्लबांवर पाणी सोडावे लागले.

या दशकभरात बूगी वूगीची देशभर लाट आली. टॉमी डॉर्सीच्या गोऱ्या वाद्यवृंदाने मृत स्मिथची रचना वाजवून अफाट खप मिळविला. युद्धकाळात तर सैनिकांच्या करमणुकीत हाच ठेका होता. लाट ओसरली तेव्हा या तिघांच्या हाती काय होते? अ‍ॅमन्स १९४९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारला. जॉन्सन बफेलो शहरात एका आइस्क्रीम कंपनीच्या मालमोटारी धूत असे. लुईस लॉस एंजेलिसला गेला. १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या चित्रपटात गुत्त्यातील पियानोवर तो क्षणभर दिसतो. श्रेयनामावलीत त्याचे नाव नाही. सेलेस्टा या नाजूक घंटानादी वाद्यावर त्याने सुंदर काम केले होते, परंतु गिऱ्हाइकांना त्याच्याकडून आगगाडीच हवी असे. ७ जून १९६४ रोजी मिनीॲपोलिसजवळ रात्रीचा कार्यक्रम आटोपून परतताना मोटार अपघातात तो गेला.

चळवळीने त्याला मंच दिला, समान बैठक दिली. म्हातारपणाची तरतूद मात्र तिलाही सुचली नाही. नेते येईपर्यंत सभा धरून ठेवण्यासाठी आपण ज्या शाहिरांना गावयास लावतो, त्यांच्या प्रवासखर्चाची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात, हे मी येथे विचारणार होतो. विचारले, असे समजा.

आता दिवे थोडे कमी करा. १९२७ ची ध्वनिमुद्रिका लावतो. तीनच मिनिटांची आहे, खरखर बरीच आहे. पहिल्यांदा फक्त डावा हात ऐका.