मांजराचं फॅटी लिव्हर : घरी आल्यानंतरचे सहा आठवडे

गेल्या काही दिवसांत बऱ्याच श्रोत्यांनी एकच प्रश्न विचारलाय. "डॉक्टर, मांजराला फॅटी लिव्हर झालंय, मानेतून नळी घालून घरी पाठवलंय. आता आम्ही काय करायचं?" आजचा भाग त्यावरच.

आधी आजार थोडक्यात. मांजर, त्यातही गुबगुबीत मांजर, काही दिवस जेवलं नाही की शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं. ती यकृतात येऊन साचते आणि यकृताचं काम मंदावतं. मग कावीळ, मळमळ, आणि मळमळीमुळे खाणं आणखी बंद. म्हणून आपण सर्रास म्हणतो ना, "राहू दे, भूक लागली की खाईल", ते इथे चालत नाही. या आजारात भूकच मेलेली असते. ती परतायला तीन ते सहा आठवडेही लागतात. तोवर अन्न हेच औषध.

नळी पाहून घरातले घाबरतात. "किती हाल करायचे बिचारीचे?" खरं सांगू? हाल होतात ते जबरदस्तीनं तोंडात सिरिंज घातल्यानं. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि त्या अन्नाची अशी शिसारी बसते की बरं झाल्यावरही मांजर त्याला तोंड लावत नाही. अन्ननलिकेतल्या नळीची बहुतेक मांजरांना लवकरच सवय होते.

आता किती द्यायचं? चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी धरतात. पण पहिल्याच दिवशी तेवढं नाही हं! पाव ते निम्म्यापासून सुरुवात, मग चार-पाच दिवसांत पूर्ण. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस घसरतं, ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी दिलेला तक्ता फ्रिजवर चिकटवा आणि तोच पाळा.

दिवसाचे चार ते सहा भाग करा. अन्न कोमट हवं, मनगटावर थेंब टाकून बघा. आधी पाच-दहा मिली कोमट पाणी, मग पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू अन्न, शेवटी पुन्हा पाणी. हे शेवटचं पाणी विसरलात की नळी चोंदलीच म्हणून समजा. मांजर सारखं ओठ चाटू लागलं, लाळ गळली, उबळ आली, तर तिथेच थांबा. नळीच्या तोंडाशी लाली, पू किंवा वास आहे का, हे रोज बघा.

यकृत आजारी म्हणून पेज, दूधभात असलं 'हलकं' काही नको. मांजर मांसाहारी प्राणी आहे, बरं व्हायला त्याला प्रथिनं लागतात. ती कमी करायची का, हे डॉक्टर ठरवतील. चिकनच्या पाण्यात कांदा-लसूण नको. माणसांची लिव्हर टॉनिकं विचारल्याशिवाय नकोत. आणि पॅरासिटामॉल तर कणभरही नाही, मांजराला ते विष आहे.

एक वही ठेवा. किती अन्न गेलं, उलटी, शी-शू, आणि दर दोन-तीन दिवसांनी वजन. कावीळ हिरड्यांवर आणि कानाच्या आतल्या बाजूला बघा, पण दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली पिवळेपणा नीट कळत नाही. मांजर गुंगीत गेलं, डोकं भिंतीला टेकवून बसलं, मान खाली पडू लागली किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट बघू नका. उलटीत नळी तोंडातून बाहेर आली तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या.

रोज एकदा वाटीत थोडं खाणं ठेवा. नाही खाल्लं तर उचला, मागे लागू नका. एक दिवस ते स्वतःहून चाटेल. घरात आनंदीआनंद होईल, आणि रात्रीच्या जागरणांनी थकलेले तुम्ही म्हणाल, "आता नळी काढू या." इथेच घात होतो. दोन घास म्हणजे जेवण नव्हे. नळीशिवाय पुरेसं खाऊन निदान आठवडाभर वजन टिकू द्या, मग डॉक्टरच काढतील.

वेळेवर आणि पुरेसं अन्न पोटात गेलं तर यातली बरीच मांजरं ठणठणीत होतात. तेव्हा चिकाटी सोडू नका. प्रश्न असतील तर जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात!