मणी ओवण्याचा छंद आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या महिला शाखेने यंदा हाताने ओवलेल्या मण्यांच्या दागिन्यांचे प्रदर्शन भरविले आणि त्या निमित्ताने चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही कलावंत नव्हे, की संशोधक नव्हे. प्राथमिक शाळेत अंकगणित आणि हस्तव्यवसाय शिकविण्यात आमची हयात गेली. हस्तव्यवसायाच्या तासाला मणी, सुई आणि दोरा हेच आमचे मुख्य साहित्य असे. तेवढ्याच अधिकाराने आज बोलावयाचे आहे.

मणी ओवणे म्हणजे बायकांचा रिकामपणचा उद्योग, अशी पुष्कळांची समजूत आहे. या समजुतीस इतिहासाचा मुळीच आधार नाही. आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, पाटणे नावाचे गाव आहे. तेथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून घडविलेले मणी सापडले. त्यांचा काळ सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा मानतात. माणसाला शेती ठाऊक नव्हती, मडके घडविता येत नव्हते, तेव्हा तो कवचाला भोक पाडून मणी करीत होता! गुजराथेत लोथल येथे 1955 मध्ये उत्खनन सुरू झाले आणि सिंधू संस्कृतीच्या काळचा मणी घडविण्याचा कारखानाच भट्टीसह उजेडात आला. सिंधूच्या कारागिरांनी घडविलेले तांबड्या अकीकाचे लांबट मणी दूर इराकात, ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत मिळाले आहेत. ज्या वस्तूसाठी साडेचार हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडले गेले, तिला क्षुल्लक कसे म्हणावे?

आता आपल्या घरातील दागिन्यांकडे वळू. त्यांची नावे पाहा: बोरमाळ, जोंधळी पोत, चिंचपेटी. रानातले बोर, शेतातला जोंधळा, झाडाची चिंच हीच आपल्या सोनारांची आणि ओवणारांची चित्रशाळा होती. सराफकट्ट्यावर सोनाराच्या शेजारीच पटवेकरी बसे. पट म्हणजे रेशीम. सोनाराने मणी घडवावेत आणि पटवेकऱ्याने ते रेशमात गाठवून द्यावेत, अशी वाटणी असे. मंगळसूत्र गाठविले, पोत गाठविली, असेच आपण आजही म्हणतो. हा शब्द नीट लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण या कलेचे सारे मर्म गाठीत आहे.

मोत्यांचा सर ओवताना दर दोन मोत्यांच्या मध्ये एक बारीक गाठ द्यावयाची असते. तिचे कार्य दुहेरी असते. मोत्यावर मोती घासून झिजत नाही, आणि दोरा तुटलाच तर एखादाच मोती गळतो, सारा सर विखुरत नाही. दोऱ्यास ओवण्यापूर्वी मधमाश्यांचे मेण चोळावे, म्हणजे तो पिळवटत नाही व घर्षणाने लवकर तुटत नाही. काचेच्या बारीक मण्यांना क्रमांक असतात, आणि क्रमांक जितका मोठा तितका मणी लहान, हे नवशिक्याने ध्यानात धरावे. अकरा क्रमांकाचा मणी सुमारे दोन मिलिमीटरांचा भरतो. मोती आणि पोवळे ही दोन्ही मुख्यत्वे चुन्याच्या जातीची आहेत, म्हणून लिंबू, चिंच, घाम आणि अत्तर यांपासून त्यांस जपावे. अंगातून उतरविल्यावर मऊ, किंचित ओलसर फडक्याने पुसून ठेवावेत. चांदीप्रमाणे चिंचेने घासण्याचा मोह कोणी करू नये.

खरा मोती आणि प्लास्टिकचा मोती ओळखण्याची घरगुती रीत अशी: दाताच्या कडेवर हलकेच घासून पाहावा. खरा किंचित खरखरीत लागतो, खोटा गुळगुळीत. मात्र खरा म्हणजे समुद्रातून आपोआप लाभलेलाच, असे समजू नये. जपानातील मिकिमोतो यांनी 1893 मध्ये शिंपल्यात मोती वाढविण्यात प्रथम यश मिळविले आणि पुढे त्या मोत्यांनी बाजार भरला. बसऱ्याच्या मोत्यांचा जो व्यापार मुंबईत भरभराटीस आला होता, तो 1930 च्या सुमारास ओसरला. आजीच्या नथीतले टपोरे मोती म्हणूनच जपण्याजोगे आहेत.

हा छंद मुलांस शिकवावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. दोन तांबडे, तीन पांढरे, एक निळा, असा क्रम दहा वेळा ओवणारे मूल पाढे न म्हणता गुणाकार शिकते. एक मणी चुकला तर तेथपर्यंत उसवावे लागते, आणि ही शिस्त छडीपेक्षा बरी. मुलग्यांनाही शिकवावे. सराफकट्ट्यावरचे पटवेकरी काही बायका नव्हत्या.

छंद करणाऱ्याने आपल्या हातातला मणी कोठून आला, याचीही विचारपूस करावी. उत्तर प्रदेशातील पुर्दिलनगर येथे काचेची कांडी ज्योतीवर वितळवून तारेभोवती मणी गुंडाळतात. खंबायतेस अकीक भाजून तांबडा करतात. दगडातील लोहामुळे तो रंग खुलतो. परंतु तेथे अकीक घासताना उडणारी बारीक धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत साचते आणि सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग जडतो. ज्या मण्याने आपला गळा शोभतो, त्यासाठी कोणाचा श्वास कोंडतो आहे, याचे भान असावे. दहा रुपये कमी करण्यासाठी घासाघीस करताना निदान हे आठवावे.

आणि परक्या कारागिराचे सोडा. आपण आपल्याच भगिनींच्या श्रमाचे मोल करतो काय? हिशेब मांडू. चाळीस सेंटीमीटरांच्या एका सरात दोन मिलिमीटरांचे दोनशे मणी बसतात. तीन पदरांची माळ म्हणजे सहाशे मणी. मिनिटास पाच ओवले तर दोन तास केवळ ओवण्याचे झाले. नक्षी जुळविणे, गाठी देणे, गोंडा बांधणे निराळेच. ही माळ मागताना आपण काय म्हणतो? ‘‘वहिनी, तुम्हांला काय, बसल्याबसल्या होईल!’’ मण्यांची किंमत देऊन मोकळे होतो आणि दोन तासांची किंमत देत नाही. छंद आपल्या आनंदासाठी असतो हे खरे, पण एकाचा छंद दुसऱ्याची फुकट चाकरी होऊ नये.

याहून महत्त्वाची एक गोष्ट बोलून दाखविल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. आमच्या थोरल्या भगिनी एकतिसाव्या वर्षी विधवा झाल्या. त्यांच्यासारखी पोत गाठविणारी बाई साऱ्या आळीत नव्हती. लग्नघरची तोरणे, रुखवतातली मोत्यांची रांगोळी, नवरीच्या तन्मणीचे सर, सारे त्यांच्या हातचे. परंतु मंगळसूत्राचे काळे मणी ओवावयाची वेळ आली की थोरल्या बायका म्हणत, ‘‘ताई, हे तुम्ही नका ओवू.’’ त्या काही बोलत नसत. सुई पिनकुशनीत खोचून स्वयंपाकघरात निघून जात. त्या हातांना सहाशे मण्यांचे कौतुक मिळाले, पण दोन वाट्यांभोवतीचे मूठभर काळे मणी मात्र त्यांस वर्ज्य! मणी काचेचा, दोरा रेशमाचा. त्यांत हाताच्या कौशल्यावाचून दुसरे काय उतरते?

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे 2022 मध्ये, त्या गावाने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींसही तसे आवाहन केले. एक खेडे जे करू शकते, ते सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या मंडळास अशक्य असावे काय?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, महिला शाखेने मणी ओवण्याचा वर्ग सुरू करावा आणि त्यात मुलगे व मुली दोघांनाही घ्यावे. दुसरी, मंडळाच्या प्रदर्शनात प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर साहित्याची किंमत आणि श्रमाचे तास ही दोन्ही लिहावीत, आणि दोहोंचे मोल घेतल्यावाचून वस्तू देऊ नये. तिसरी, वर्गात, हळदीकुंकवात आणि मंडळाच्या वधूवर मेळाव्यांत कोणत्याही भगिनीस सौभाग्याची चौकशी करून बाजूस बसवू नये; मंगळसूत्र गाठवावयाचे असेल तर ज्या हाताला गाठ उत्तम साधते, त्याच हाती ते द्यावे.

या सूचनांचा कार्यकारी मंडळाने येत्या वार्षिक सभेपुढे ठरावरूपाने विचार करावा, अशी आमची विनंती आहे.