गुरुजींचे धनुष्य



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे गुरुजी इंदूरच्या या शाळेत हस्तव्यवसाय शिकवीत असत. या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने श्रोत्यांत बसावे, हा आजवरचा रिवाज. यंदा चालकांनी तो मोडला, त्याला कारण समोरच्या मेजावर ठेवलेले हे धनुष्य. गुरुजींनी ते घडविले, पण पुरे केले नाही. गेल्या वर्षी त्यांच्या घरच्या मंडळींनी ते माझ्या हाती सोपविले. मी त्याचे काय केले, याचा हिशेब आज देणार आहे.

लाकूड धामणीचे आहे. हातोड्यांचे दांडे आणि बैलगाडीचे भाग या लाकडाचे करीत, कारण ते लवते आणि सहसा मोडत नाही. संस्कृतात या झाडाला धनुर्वृक्ष असेच नाव आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराचे प्रकरण आहे. त्यात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची द्रव्ये सांगितली असून प्रत्यंचेच्या द्रव्यांत बांबूचाही उल्लेख येतो. हे वाचून आपणांस नवल वाटेल. पण झाबुआ, आलिराजपूरकडे भिल्लांचा कामठा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना वाटणार नाही. तेथे धनुष्य बांबूचे आणि त्याची दोरीही बांबूच्याच कामटीची असते. गुरुजी भगोरियाच्या हाटाला आवर्जून जात आणि दिवसभर कामठे न्याहाळीत. त्यांची ही शाळा आमच्या शाळेहून मोठी होती, असे मला आता वाटते.

धनुष्य माझ्याकडे आले तेव्हा त्यात दोन दोष होते. खालची भुजा एका अंगाला कलली होती; त्यामुळे दोरी चढविली की ती मुठीच्या मध्यावरून न जाता बाहेरून जाई. वरची भुजा मधल्या वीतभर भागात ताठ होती. धनुष्य ओढताना त्याची पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. एखादा भाग ताठ राहिला की त्याच्या वाट्याचे लवणे शेजारच्या भागावर पडते, आणि तेथे पोटाचे धागे चिरडतात. असे धनुष्य आज ना उद्या मोडते.

ते तसेच काचेच्या कपाटात ठेवावे, असा सल्ला मला अनेकांनी दिला. गुरुजींच्या हातचे काम, त्यावर दुसऱ्याने हत्यार चालवावे काय? मला स्वतःला भीती निराळीच होती. नववीत असताना मी एक धनुष्य मोडले होते. त्याचा वाक काढण्यासाठी गुरुजींनी ते निखाऱ्यांवर शेकून फळीला बांधून ठेवले होते आणि आठवडाभर हात लावू नका, असे बजावले होते. मी दुसऱ्याच दिवशी दोरी चढवून ओढले. काडकन् आवाज झाला. गुरुजी रागावले नाहीत, तुकडे माझ्या हातात देऊन म्हणाले, "मोडलेली जागा बघ, कोरडी आहे." पुढे कित्येक वर्षांनी मला त्याचा अर्थ उमगला.

लाकडाचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांना जखडलेले असतात. उष्णतेने ते मऊ होते, तंतू परस्परांवरून किंचित सरकू शकतात, आणि गार झाल्यावर लिग्निन पुन्हा घट्ट होऊन नवा आकार धरून ठेवते. ओल्या लाकडाला त्यासाठी वाफ पुरते. मुरलेल्या लाकडाला कोरडी आणि अधिक उष्णता लागते. पण त्याच उष्णतेने आतला ओलावाही उडून जातो. अति कोरडे लाकूड ठिसूळ होते. हवेतला ओलावा पुन्हा शोषून घेईपर्यंत ते ओढू नये, एवढेच गुरुजींच्या आठवड्याचे रहस्य होते.

मी कामाला सावकाश लागलो. कललेल्या भागाला तेल चोळले, म्हणजे कातडी करपत नाही. जळत्या लाकडावर नव्हे, राखेने झाकलेल्या निखाऱ्यांवर, वीतभर उंच धरून भुजा शेकली. शेक पोटाच्या बाजूने दिला. पोट तापून थोडे कडक झाले तरी दाब सोसायला ते बरेच असते. पाठ मात्र करपता कामा नये, कारण ताण तिला सोसायचा असतो. तेल सळसळू लागले आणि हातातल्या फडक्यातूनही चटका जाणवला, तेव्हा भुजा साच्यावर ठेवून पाचरी मारल्या आणि रात्रभर तशीच सोडली. सकाळी ती थोडी परत फिरली होती. ती फिरतेच, म्हणून साचा हवा त्याहून जरा अधिक वळलेला करावा लागतो, हे मी विसरलो होतो. दुसऱ्यांदा शेकले. या वेळी दोरी मुठीच्या मध्यावर आली. त्यानंतर तीन आठवडे धनुष्य माजघराच्या भिंतीला टांगून ठेवले. घरच्यांनी रोज चौकशी केली. मी हात लावला नाही.

उरला वरच्या भुजेचा ताठपणा. येथे उष्णतेचा उपयोग नाही. लाकूडच काढले पाहिजे. आणि ते काढताना जपावे लागते, कारण लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली तर ताठपणा अष्टमांश उरतो. दहावा हिस्सा काढला तरी चौथाईहून अधिक जातो. इंग्लंडच्या रॉजर ॲस्कमने 1545 साली धनुर्विद्येवर पुस्तक लिहिले. त्यातही त्याने हेच सांगितले आहे की नवे धनुष्य आधी मैदानात वापरावे, ते कोठे अधिक लवते ते पाहावे, आणि मग चांगल्या कारागिराकडे परत नेऊन सगळीकडून सारखे गोल लवेल असे करून घ्यावे. म्हणजे घडविलेल्या धनुष्याला पुन्हा हात लावणे हा त्याच्या घडणीचाच भाग आहे.

कोठे खरवडावे हे शोधण्यासाठी धनुष्य खिडकीजवळ उजेडात धरले, तेव्हा वरच्या भुजेच्या पोटावर पेन्सिलीच्या पुसट रेघा दिसल्या. नेमक्या त्या ताठ वीतभर भागात, तिरप्या, एकीला लागून एक. वर्गात ते आमच्या कामावर अशाच रेघा मारीत आणि रेघा जाईपर्यंत खरवडा, पुढे नाही, असे सांगत. गुरुजींना दोष ठाऊक होता. त्यांनी काम नेमून ठेवले होते. कोणाला, ते मात्र लिहिले नव्हते.

काचेच्या तुकड्याने मी त्या रेघा खरवडू लागलो. चार हात मारावेत, वीस वेळा धनुष्य थोडे थोडे ओढावे, दूर उभे राहून दोन्ही भुजांचा बाक पाहावा, पुन्हा चार हात. त्यांचे अक्षर असे आपल्याच हाताने पुसून टाकताना वाईट वाटले, हे सांगायला संकोच कशाला! टोकाकडच्या दोन रेघा आपणांस अजून दिसतील. तेथपर्यंत पोहोचण्याआधीच दोन्ही भुजा सारख्या लवू लागल्या होत्या, म्हणून मी थांबलो.

धनुष्य आजपासून शाळेचे आहे. ते जरूर वापरावे. मात्र काम झाल्यावर दोरी उतरवून ठेवावी, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, आणि बाण न लावता ओढून सोडू नये, कारण बाणाबरोबर जाणारा जोर मग भुजांनाच सोसावा लागतो. बालमित्रांपैकी ज्यांना ते ओढून पाहायचे असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मागच्या मैदानात यावे. मी तेथे आहे.