उभ्या सागाचा हिशेब

बांधावरचा साग अडीअडचणीला उभाच विकला जातो. व्यापारी नजरेनें अंदाज बांधतो. शेतकऱ्यानें साधी दोरीहि लावलेली नसते! पेठेंतली रीत सोपी आहे : मध्यावरील घेराच्या चौथाईचा वर्ग करून त्यास लांबीनें गुणावें. १२ फुटी ओंड्याचा घेर २ फूट, तर लांकूड ३ घनफूट. घेर ४ फूट झाला, कीं १२. घेर दुप्पट, माल चौपट. शिवाय जाड लांकडाचा दरहि चढा.

महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वयें साग तोडण्यास परवानगी लागते, नेण्यास पास. हे हेलपाटे व्यापारी पत्करितो, व त्यांचें मोल किंमतींतून कापून घेतो.

आमच्या आळींतील एका गृहस्थांनीं मुलीच्या लग्नासाठीं कोंवळीं झाडें दिलीं. बुंधे मीं मागाहून मोजले. आंकडा त्यांना सांगण्याचा धीर झाला नाहीं.